पार्कच्या फाटकावरचा फलक: इंग्लंडमधले कुत्र्यांचे आणि सार्वजनिक जागांचे नियम

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आपण बरीच कामं नेमाने उरकतो. काउन्सिल टॅक्स, वीज-गॅसचं खातं, मुलांची शाळा, डॉक्टरकडे नोंदणी. घराजवळच्या पार्कचे नियम मात्र कुणी विचारत नाही, कारण पार्क म्हणजे मोकळी जागा, तिथे कसला नियम, असं आपण धरून चालतो. मग एखाद्या दिवशी नातवाची बाबागाडी घेऊन फिरायला गेलेल्या आजींच्या अंगावर मोकळा सोडलेला कुत्रा धावून येतो. किंवा आपण हौसेने पाळलेल्या कुत्र्याला घेऊन मुलांच्या खेळाच्या जागेत शिरतो आणि हातात १०० पौंडांची नोटीस पडते. दोन्ही वेळी प्रश्न एकच असतो: इथला नियम काय, आणि तो लिहिलाय कुठे?

सार्वजनिक जागेत कुत्रा कसा न्यायचा याचा देशभर लागू असा एकच नियम इंग्लंडमध्ये नाही. काही कायदे सगळीकडे सारखे आहेत, पण रोजच्या फिरण्याशी संबंध येतो तो स्थानिक काउन्सिलच्या आदेशांचा. ते गावागणिक बदलतात आणि कधी एकाच गावातल्या दोन पार्कांतही वेगळे असतात. हा लेख इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. कुत्रा पाळणाऱ्यांसाठी आहे, तसाच कुत्र्याची भीती वाटणाऱ्यांसाठीही.

आदेश कुणाचा आणि कशासाठी

२०१४ साली ब्रिटिश संसदेने अँटी-सोशल बिहेव्हियर, क्राइम अँड पोलिसिंग अॅक्ट मंजूर केला. त्याआधी कुत्र्यांसाठी वेगळे आदेश असत, रस्त्यावर दारू पिण्याबद्दल वेगळे आणि उपद्रवी गल्लीबोळ फाटक लावून बंद करण्यासाठी आणखी वेगळे. या कायद्याने ते सगळे एका छत्राखाली आणले आणि त्याला नाव दिलं पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर, म्हणजेच पीएसपीओ. काउन्सिलच्या वेबसाइटवर शोधताना हीच अक्षरं टाका. ती माहीत नसतील तर हवा तो कागद सापडत नाही.

असा आदेश काउन्सिलला मनात आलं म्हणून काढता येत नाही. एखाद्या वर्तनाचा त्या परिसरातल्या लोकांच्या राहणीमानावर वाईट परिणाम होतोय किंवा होण्याची शक्यता आहे, तो परिणाम सतत होणारा आहे, ते वर्तन अवाजवी आहे आणि निर्बंध घालण्याइतकं ते गंभीर आहे, एवढं सगळं काउन्सिलला पटलेलं असावं लागतं. आदेशाआधी पोलिसांशी आणि परिसरातल्या लोकांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करावा लागतो, मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. आदेशाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. त्यानंतर तो वाढवायचा तर पुन्हा कारणं द्यावी लागतात.

हा आदेश माणसावर नसतो, जागेवर असतो. त्या जागेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तो लागू होतो. कायमचा रहिवासी असो, शिकायला आलेला विद्यार्थी असो किंवा सहा महिन्यांच्या व्हिजावर मुलीकडे आलेले आईबाबा असोत.

फलक कसा वाचायचा

पार्कच्या फाटकावर किंवा आत शिरताना पहिल्या खांबावर काउन्सिलचा फलक असतो. वर काउन्सिलचं बोधचिन्ह, खाली बारीक अक्षरांत मजकूर आणि बऱ्याचदा एक नकाशा. घाईत फक्त कुत्र्याच्या चित्रावरची लाल फुली दिसते आणि पूर्ण पार्कातच बंदी आहे असा समज होतो. नीट पाहिलं तर फुली फक्त कुंपण घातलेल्या खेळाच्या जागेपुरती असते, क्रिकेटच्या मैदानावर लीड, म्हणजे हातात धरायची दोरी, लावायची असते आणि उरलेल्या हिरवळीवर कुत्रा मोकळा सोडायला परवानगी असते.

फलकावर पाच गोष्टी बघा. पहिली, नकाशावरची हद्द. दुसरी, महिने आणि वेळ, कारण काही बंधनं ठराविक काळापुरतीच असतात. तिसरी, नेमकं काय मना आहे आणि काय सक्तीचं आहे. चौथी, दंडाची रक्कम. पाचवी, आदेशाची तारीख. फलक जुना किंवा पुसट असेल तर काउन्सिलच्या वेबसाइटवरचा आदेश बघा. तिथे नकाशे मोठे करून पाहता येतात.

पार्क कुणाच्या ताब्यात आहे तेही पाहायला हवं. हाइड पार्क, रिचमंड पार्क, बुशी पार्क हे रॉयल पार्क आहेत. त्यांचा कारभार काउन्सिल पाहत नाही आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. रिचमंड आणि बुशी पार्कात हरणांना पाडसं होण्याच्या काळात, म्हणजे साधारण मे ते जुलै, कुत्र्यांना लीडवर ठेवावं लागतं. स्लाव परिसरातली बरीच मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी बर्नहॅम बीचेसच्या जंगलात फिरायला जातात. ते जंगल आहे बकिंगहॅमशरमध्ये, पण व्यवस्था लंडन शहराच्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे आणि कुत्र्यांविषयीचा आदेशही त्यांचाच आहे. जंगलाच्या एका भागात कुत्रा कायम लीडवर हवा, दुसऱ्या भागात तो ताब्यात राहत असेल तर मोकळा चालतो, कॅफेजवळच्या ठरलेल्या जागेत त्याला नेता येत नाही आणि एका माणसाने चारपेक्षा जास्त कुत्रे आणायचे नाहीत. एकाच जंगलातली ही हद्द आपण कुठे ओलांडतो, ते नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही.

कुत्रा पाळणाऱ्यांनी

काउन्सिलचे कुत्र्यांविषयीचे आदेश बहुतेक ठिकाणी पाच प्रकारचे असतात.

१. शी लगेच उचलणे. हा नियम जवळपास सगळीकडे आहे. ‘माझं लक्ष नव्हतं’ किंवा ‘पिशवी संपली होती’ ही सबब चालत नाही. आदेशांत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. काही काउन्सिलांनी पुढचं पाऊल टाकलंय: अधिकाऱ्याने विचारलं तर तुमच्याकडे पिशवी आहे हे दाखवावं लागतं.

२. प्रवेशबंदी. लहान मुलांच्या कुंपणातल्या खेळाच्या जागा, काही ठिकाणी टेनिस कोर्ट, बोलिंग ग्रीन, दफनभूमी.

३. कायम लीडवर. रस्त्याकडेचे पट्टे, बागेतले फुलांचे ताटवे, तळ्याकाठची जागा.

४. सांगितल्यावर लीड. इथे कुत्रा मोकळा सोडता येतो, पण अधिकृत अधिकाऱ्याने सांगितलं की लगेच लीड लावायची. लीड लावायला नकार दिला तर तोच गुन्हा होतो.

५. कुत्र्यांची संख्या. एका माणसाबरोबर किती कुत्रे चालतील ते काउन्सिल ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा चार किंवा सहा आहे.

समुद्रकिनाऱ्यावर जाणार असाल तर आधी वेबसाइट बघाच. ब्रायटन, बोर्नमथसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात, साधारण १ मे ते ३० सप्टेंबर, किनाऱ्याच्या ठरावीक भागांत कुत्र्यांना मनाई असते. बाजूच्याच दुसऱ्या भागात ती नसते. दोनशे पावलं पुढे गेलात तर कुत्राही खूश आणि तुम्हीही निर्धास्त.

शी उचलण्याची पद्धत घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. पिशवी हातमोज्यासारखी हातावर चढवायची, शी मुठीत घ्यायची, पिशवी उलटी ओढून घ्यायची आणि घट्ट गाठ मारायची. गाठ मारलेली पिशवी कुत्र्यांच्या कचरापेटीत टाकायची आणि ती जवळ नसेल तर रस्त्यावरच्या साध्या कचरापेटीतही चालते. कचरापेटी दिसली नाही तर घरी आणायची. झुडपाला पिशवी लटकवून ठेवणं किंवा कडेला ठेवून ‘परतताना घेऊ’ म्हणणं चालत नाही, तोही दंडाचाच विषय आहे. हा आग्रह केवळ स्वच्छतेपुरता नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून टॉक्सोकॅरा नावाच्या जंतांची अंडी मातीत जातात आणि तिथे दीर्घ काळ टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून ती पोटात गेली तर क्वचित प्रसंगी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खेळाच्या जागांत कुत्र्यांना बंदी का, याचं हेच मोठं कारण आहे.

दंड कुणाला होतो, तर त्या वेळी कुत्रा ज्याच्या ताब्यात असेल त्याला. कागदोपत्री मालक मुलगा असला तरी सकाळी फिरवायला नेणारे आजोबा असतील तर नोटीस आजोबांच्या हातात पडते. म्हणून भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या हाती लीड देण्याआधी त्यांना एकदा बरोबर नेऊन हद्द दाखवा. इथपर्यंत सोडायचा, इथून पुढे लीड, पिशव्या या खिशात, कचरापेटी त्या वळणावर. कागदावर लिहून देण्यापेक्षा पायी फिरून दाखवलेलं लक्षात राहतं.

आता देशभरचे कायदे. सार्वजनिक जागेत कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असावाच लागतो. हा नियम १९९२ पासून आहे. आठ आठवड्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची आहे. इंग्लंडमध्ये हे ६ एप्रिल २०१६ पासून लागू झालं. घर बदललं की चिपच्या नोंदणीतला पत्ता आणि फोन नंबर बदलायला विसरू नका. चिप आहे पण पत्ता जुना, अशाने हरवलेला कुत्रा परत मिळत नाही.

१९९१ च्या डेंजरस डॉग्ज अॅक्टनुसार कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर जाऊ देणं हा गुन्हा आहे. २०१४ पासून तो खासगी जागेला, म्हणजे तुमच्या घराला आणि बागेलाही लागू आहे. कुत्रा चावलाच पाहिजे असं नाही. तो इजा करील अशी रास्त भीती समोरच्याला वाटली तरी कायदा लागू होतो. पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली या जाती बाळगायला बंदी आहे. एक्सएल बुलीच्या बाबतीत १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणं गुन्हा ठरलं, आणि सूट असली तरी बाहेर नेताना तोंडाला मुसकं आणि लीड दोन्ही लागतात. पिल्लू घेताना विकणारा काय सांगतो यावर विसंबू नका. कायदा जातीच्या नावापेक्षा कुत्र्याची ठेवण पाहतो.

मेंढ्या-गाईंच्या कुरणांतून जाणाऱ्या वाटांवर जास्त सांभाळायला हवं. कायद्याने खुल्या केलेल्या डोंगर-माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या लीडवर ठेवावा लागतो, आणि जनावरं जवळ असतील तर वर्षभर.

महाराष्ट्रात गल्लीतल्या कुत्र्याला पोळी घालणं हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा भाग आहे. इंग्लंडमध्ये रस्त्यावर राहणारे कुत्रे नसतात. एकटा कुत्रा दिसला तर तो हरवलेला आहे, असंच समजा. त्याला घरी ठेवून घेऊ नका. मालक सापडला तर त्याच्याकडे पोचवणं, नाहीतर काउन्सिलला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. काउन्सिल अशा कुत्र्याला सात दिवस सांभाळतं आणि मालकाचा शोध घेतं.

कुत्र्याची भीती वाटत असेल तर

आपल्याकडे कुत्रा चावला म्हणजे रेबीज आणि इंजेक्शनं, ही भीती लहानपणापासून मनात असते. ती खोटी नाही, कारण भारतात हा आजार अजूनही माणसांचे बळी घेतो. ब्रिटनमधले कुत्रे मात्र रेबीजमुक्त आहेत. १९२२ पासून तिथल्या जमिनीवरच्या प्राण्यांत हा आजार पसरलेला नाही. एवढं कळलं तरी पार्कात श्वास थोडा मोकळा होतो.

पार्कात कुत्रा मोकळा दिसला म्हणजे मालकाने नियम मोडलाच, असं नाही. फलकावर लीडची सक्ती नसेल तर त्याला परवानगी आहे. पण मोकळा असणं आणि ताब्यात असणं यात फरक आहे. हाक मारल्यावर न येणारा, लोकांच्या अंगावर धावणारा कुत्रा ताब्यात नाही, आणि तिथे तुमची बाजू पक्की आहे.

कुत्रा धावत आला तर पळू नका, किंचाळू नका. हात छातीशी घ्या, जागेवर उभे राहा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. मुलांना हे घरी खेळातून शिकवा: ‘झाड हो’ म्हटलं की हलायचं नाही. मालकाशी बोलायला लाजू नका. ‘एक्सक्यूज मी, कुड यू पुट युअर डॉग ऑन द लीड, प्लीज? माय चाइल्ड इज अफ्रेड.’ एवढं वाक्य घरातल्या आजी-आजोबांनाही पाठ करून द्या. बहुतेक मालक लगेच ऐकतात. ‘काही करत नाही तो’ असं कुणी म्हटलं तर शांतपणे पुन्हा तेच वाक्य म्हणा. तुमच्या भीतीचं कारण सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नाही.

ज्यांना फारच भीती वाटते त्यांनी फिरण्याची जागा फलक पाहून निवडावी. कुत्र्यांना बंदी असलेली खेळाची जागा आणि कायम लीडची सक्ती असलेली बाग, अशा दोन जागा घराजवळ शोधून ठेवल्या तर बाबागाडी घेऊन जाणारी आजी निश्चिंत राहते.

चावलाच तर जखम नळाच्या कोमट वाहत्या पाण्याखाली काही मिनिटं धुवा, कातडी फाटलेली दिसत नसली तरीही. मग जीपीकडे, म्हणजे तुमची नोंदणी असलेल्या डॉक्टरकडे जा किंवा आरोग्यसल्ल्याच्या १११ क्रमांकाला फोन करा. धनुर्वाताची लस आणि गरज असेल तर अँटिबायोटिक्स मिळतात. जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल तर थेट आपत्कालीन विभाग गाठा. मालकाचं नाव, पत्ता, कुत्र्याचा फोटो, साक्षीदारांचे फोन नंबर घ्या. कुत्रा अजून अंगावर येत असेल तर ९९९, प्रसंग निवळला असेल तर १०१ वर पोलिसांकडे नोंद करा.

आणि हे विशेष लक्षात ठेवा. भारतात सुट्टीला गेल्यावर कुत्रा, माकड किंवा मांजर चावलं, नुसतं ओरखडलं, किंवा जखमेला त्याची लाळ लागली तर तिथेच त्याच दिवशी जखम साबणाने धुवून उपचार सुरू करा. परत इंग्लंडला येईपर्यंत थांबू नका. परत आल्यावर राहिलेल्या डोसांसाठी त्याच दिवशी जीपीला किंवा १११ ला सांगा, ‘भारतात चावा घेतला’ हे शब्द आवर्जून वापरा, आणि तिथल्या डॉक्टरांचा कागद बरोबर ठेवा.

कुत्र्यांपलीकडचे नियम

हेच आदेश दारू, आवाज, शेकोटी, थुंकणं यांनाही लागू होतात आणि आपल्या समाजाचा संबंध तिथेही येतो.

दारूचा आदेश असलेल्या जागेत बिअरचा डबा उघडला म्हणून लगेच गुन्हा होत नाही. पोलिसाने किंवा अधिकृत अधिकाऱ्याने ‘पिऊ नका’ किंवा ‘तो डबा द्या’ म्हटल्यावर नकार दिला तर गुन्हा होतो. म्हणून सांगितलं की द्या आणि विषय संपवा.

पान खाऊन रस्त्यावर थुंकणाऱ्यांविरुद्ध लंडनच्या ब्रेंट काउन्सिलने मोहीम उघडली आहे आणि दंडही केला जातो. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू याच ब्रेंटमध्ये, डॉलिस हिलला आहे. पान खाऊन झाल्यावर तोंडातलं कागदी रुमालात घेऊन कचरापेटीत टाकायचं, एवढी सवय प्रत्येकाने स्वतःला लावली पाहिजे.

कबुतरांना दाणे टाकणं आपल्याला पुण्याचं वाटतं. लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये त्यावर २००३ पासून बंदी आहे आणि अनेक काउन्सिलांनी बाजारपेठांत असे निर्बंध घातले आहेत. पार्कात एकदाच वापरायचा बार्बेक्यू पेटवण्यापूर्वीही फलक बघा. डोर्सेटसारख्या भागांत माळरानांना लागणाऱ्या वणव्यांमुळे उघड्यावर आग पेटवायलाच मनाई आहे.

गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. मोकळं मैदान दिसलं म्हणून ढोल लावू नका. काउन्सिलच्या पार्क विभागाकडे लेखी परवानगी मागा, दिवस, वेळ आणि ढोलांची संख्या सांगा, आणि आसपासच्या घरांत आधी चिठ्ठी टाका. पत्र हातात असेल तर अधिकारी आला तरी सराव थांबत नाही, आणि शेजारी ऐकायला येऊन उभे राहतात.

नोटीस हातात पडली तर

आदेश मोडल्यावर अधिकारी बहुतेक वेळा फिक्स्ड पेनल्टी नोटीस देतात. २०१४ च्या कायद्यात तिची कमाल रक्कम १०० पौंड ठरली. २०२५ साली संसदेत आलेल्या क्राइम अँड पोलिसिंग विधेयकात ही मर्यादा ५०० पौंडांपर्यंत नेण्याची तरतूद मांडली गेली. म्हणून रकमेबद्दल ऐकीव माहितीवर जाऊ नका, नोटिशीवरचा आकडा वाचा. प्रकरण कोर्टात गेलं तर दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. दारूच्या बाबतीत ५०० पौंडांपर्यंत.

अधिकारी समोर आला तर ओळखपत्र पाहायला मागा, ते तो दाखवेल. पळून जाऊ नका आणि खोटं नाव-पत्ता देऊ नका, त्याने साधी गोष्ट गंभीर होते. जागेवर रोख पैसे देऊ नका; पैसे कसे भरायचे ते नोटिशीवर छापलेलं असतं. भरण्यासाठी १४ दिवस मिळतात, आणि काही काउन्सिलं लवकर भरल्यास रक्कम कमी करतात.

नोटीस चुकीची वाटत असेल तर त्याच दिवशी फलकाचे, जागेचे आणि वेळेचे फोटो काढा. या नोटिशीवर पार्किंगच्या दंडासारखं अपिलाचं रीतसर व्यासपीठ नसतं. काउन्सिलला लेखी म्हणणं कळवता येतं. ते मान्य झालं नाही आणि तुम्ही ठाम असाल तर पैसे न भरता मॅजिस्ट्रेट कोर्टात बाजू मांडायची, हा मार्ग उरतो. वाजवी कारण असेल तर गुन्हा होत नाही, असं कायदाच म्हणतो. दृष्टिहीनांच्या मार्गदर्शक कुत्र्यांना आणि अपंगांच्या मदतनीस कुत्र्यांना आदेशांत सहसा सूट असते. ती तुम्हाला लागू असेल आणि तरीही नोटीस आली तर लगेच कळवा. कोर्टाचा निर्णय करण्यापूर्वी सिटिझन्स अॅडव्हाइसचा मोफत सल्ला घ्या.

व्हिजावर असलेल्यांना पहिली धास्ती असते ती रेकॉर्डची. वेळेत भरलेली अशी नोटीस म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. पैसे भरल्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला होत नाही. दुर्लक्ष केलं आणि कोर्टाने दोषी ठरवलं तर मात्र ती शिक्षा होते, आणि पुढच्या व्हिजाच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात ती सांगावी लागते. म्हणून असं पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून विसरू नका. अर्जातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खरं द्या.

सततचा त्रास असेल तर

शेजारचा कुत्रा रात्र रात्र भुंकतो, कुंपणावरून उडी मारून येतो, दारासमोर रोज शी करतो. अशा वेळी आपण दोन टोकं गाठतो: एक तर गप्प बसतो, नाहीतर भांडतो. मधला रस्ता जास्त कामाचा आहे. आधी शेजाऱ्याशी सौम्यपणे बोला. दिवसभर कुत्रा एकटा भुंकतो हे कामावर गेलेल्या मालकाला ठाऊकही नसतं. फरक पडला नाही तर वही ठेवा: तारीख, वेळ, किती वेळ चाललं, घरात काय परिणाम झाला. मग काउन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाकडे तक्रार करा. पुराव्यात ही वहीच उपयोगी पडते.

एका ठराविक माणसाच्या वागण्यावर काउन्सिल किंवा पोलीस कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस काढू शकतात. आधी लेखी इशारा, मग नोटीस. कुंपण दुरुस्त करा, बाहेर लीड लावा, कुत्र्याला प्रशिक्षण द्या, अशा अटी त्यात घालता येतात.

तक्रारी करूनही कुणी हललं नाही तर एएसबी (अँटी-सोशल बिहेव्हियर) केस रिव्ह्यू मागा. पूर्वी याला कम्युनिटी ट्रिगर म्हणत. सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या असतील तर काउन्सिल, पोलीस आणि संबंधित गृहसंस्थांना एकत्र बसून आपण काय केलं आणि काय करायला हवं याचा आढावा घ्यावाच लागतो. त्यासाठी प्रत्येक तक्रार घटनेपासून महिन्याभरात केलेली असावी आणि तिचा संदर्भ क्रमांक तुमच्याकडे असावा. फोनवर तक्रार केली असली तरी तो क्रमांक मागून घ्या.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये पीएसपीओ नाहीत. स्कॉटलंडमध्ये कुत्र्याच्या विष्ठेसाठी २००३ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्ये कुत्रा पाळायला परवाना लागतो. तिकडे राहायला जात असाल तर तिथल्या काउन्सिलकडे चौकशी करा.

नियम ठरतो तेव्हा बोला

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त हीच गोष्ट सांगायची आहे. आदेश काढताना किंवा त्याची मुदत वाढवताना काउन्सिल नागरिकांचं मत मागवतं. वेबसाइटवर प्रश्नावली असते आणि ती काही आठवडे खुली राहते. तिथे उत्तरं येतात ती बहुतेक श्वानप्रेमी संघटनांची आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या रहिवाशांची. मुलांना घेऊन पार्कात जायला घाबरणाऱ्या आईचं, सकाळी एकट्याने फिरणाऱ्या आजोबांचं उत्तर तिथे पोचतच नाही, आणि नंतर आपण म्हणतो, आमचा कुणी विचार केला नाही.

कुत्रा पाळणाऱ्यांचंही म्हणणं तिथेच मांडायला हवं. कुत्र्याला रोज मोकळं धावायला मिळणं ही त्याची गरज आहे, आणि २००६ च्या अॅनिमल वेल्फेअर अॅक्टनुसार ती भागवणं मालकाचं कर्तव्य आहे. सरसकट बंदीपेक्षा एक कोपरा बंद, एक कोपरा मोकळा, अशी वाटणी जास्त टिकते. आदेश अन्याय्य वाटला तर तिथला रहिवासी किंवा तिथे नेहमी येणारा माणूस सहा आठवड्यांच्या आत हायकोर्टात आव्हान देऊ शकतो. पण तो रस्ता खर्चाचा आहे. मसुद्याच्या वेळी लिहिलेली चार ओळींची ई-मेल त्याहून सोपी आणि जास्त परिणामकारक असते.

काउन्सिलच्या वेबसाइटवर ‘कन्सल्टेशन्स’ हे पान असतं, तिथे ई-मेल सूचनांसाठी नाव नोंदवा. तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरचं नाव शोधून ठेवा. ते भेटतात आणि पत्राला उत्तरही देतात. आपल्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाच्या किंवा कोजागिरीच्या गप्पांत पंधरा मिनिटं या विषयाला द्या, म्हणजे आठ-दहा घरांची मतं एकत्र जातील. नियम लोकांच्या मतांवर ठरतो, आणि आपलं मत त्यात असायलाच हवं.